अंगठ्याचा कोपरा

खानवेलला जूनमध्ये पाऊस लागला की पाय म्हणून कोरडा राहत नाही. साकरतोड नदी गढूळ होते, खाचरांत आवणी सुरू होते आणि शाळेच्या वाटेवर घोट्याएवढा चिखल होतो. मी गमबूट घालायचो. पाणी आत येऊ नये म्हणून घेतलेले. पण एकदा ओहोळात अंदाज चुकला की तेच पाणी संध्याकाळपर्यंत आत डचमळत राही.

बूट थोडे आखूड होते. उजव्या अंगठ्याच्या नखाचा कोपरा टोचायला लागला. मी नेलकटरचं टोक आत खुपसून तो कोपरा तिरका कापला. काय बरं वाटलं! पंधरा दिवस. मग पुन्हा टोचलं, पुन्हा कापलं, आधीपेक्षा खोल. तिसऱ्या खेपेला बाजूचं मांस डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल होऊन नखावर चढलं, पू धरला आणि रात्री अंगठ्याला चादर लागली तरी कळ मस्तकात जाई.

शेजारच्या वारली आजी आवणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत मेंदीचा पाला वाटून लावतात, चिखल्या होऊ नयेत म्हणून. मीही पाय पुढे केला. त्यांनी वाकून पाहिलं आणि वाटी मागे घेतली. ‘गुरुजी, हे चिखल्यांचं नाही. आत काटा आहे.’

औषधाच्या दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी पू ओसरला, काटा कुठे जाणार? शेवटी लंगडत वीसेक किलोमीटरवरचं सिल्वासा गाठलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा साखर आहे का विचारलं. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते, जखम कळत नाही आणि चिघळते. अशांनी हा घरगुती उद्योग करूच नये म्हणाले. मग अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी सुया दिल्या. खरं दुखणं काय ते तेवढंच. अंगठा बधिर झाल्यावर नखाची कडेची बारीक पट्टी त्यांनी उभी चिरून मुळापासून ओढून काढली आणि ती पट्टी पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी फिनॉल लावलं. गॉजवर ठेवून ती मला दाखवली. तिच्या कडेला बाभळीच्या काट्यासारखं एक टोक होतं. माझंच काम! तिरकं कापताना नेलकटर पोचत नाही तिथे नखाचा कुसळाएवढा तुकडा राहतो आणि नख पुढे सरकलं की तोच मांसात घुसतो.

सुरुवातीलाच आला असता तर हे टळलं असतं, असं ते म्हणाले. दिवसातून दोनदा कोमट मिठाच्या पाण्यात पाय, कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात, बोटांना ऐसपैस जागा देणारं पादत्राण, एवढ्यावर भागलं असतं. यापुढे नख सरळ रेषेत कापायचं, फार तोकडं नाही आणि कोपऱ्यांना हात लावायचा नाही. फिनॉलमुळे जखमेतून दोनतीन आठवडे पाणी आलं, पण त्यांनी आधीच सांगून ठेवल्यामुळे घाबरलो नाही.

पट्टी बांधताना त्यांची नजर डाव्या अंगठ्याकडे गेली. ते नख कधीचंच पिवळं, जाड, भुसभुशीत झालेलं. कधीतरी दगड लागला असेल म्हणून मी सोडून दिलं होतं. त्यांनी खरवडून भुगा तपासायला दिला. बुरशी निघाली. नुसतं मलम इतक्या जाड नखातून आत पोचत नाही. यकृताची तपासणी करून सुमारे तीन महिने रोज गोळी. आणि गोळी संपली म्हणून नख लगेच देखणं होत नाही. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं पूर्ण नवं यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं.

तेव्हापासून मी दर महिन्याला बुडाकडून आलेला स्वच्छ भाग पाहतो. यंदाच्या आवणीपर्यंत तो निम्म्याच्या वर सरकलाय. गमबूट एक नंबर मोठे घेतलेत, शाळेत पोचलो की उलटे टांगतो आणि कोरडे मोजे चढवतो. आजींना या सरंजामाचं हसू येतं. त्यांची फाकलेली बोटं चिखलात सगळ्यांत घट्ट रोवलेली असतात, आणि नख रुतल्याची तक्रार मी त्यांच्याकडून कधी ऐकलेली नाही.