करिंथची मातीची माणसे

अथेन्सहून पश्चिमेस सुमारे ८० किलोमीटर गेले म्हणजे प्राचीन करिंथचे अवशेष लागतात. संत पौलांनी इ. स. ५० च्या सुमारास दीड वर्ष राहून जेथे उपदेश केला, तीच ही नगरी. प्रवासी येथे येतो तो बहुधा अपोलोच्या मंदिराचे उभे राहिलेले सात खांब पाहण्यास. परंतु शेजारच्या संग्रहालयात शिरल्यावर त्याचे पाऊल थबकते ते भाजलेल्या मातीच्या लहानसहान वस्तूंपुढे.

नगराच्या पश्चिम कडेला कुंभारांची वस्ती होती. तेथील उत्खननात मूर्तींचे साचेही मिळाले आहेत. फिकट रंगाची माती साच्यात दाबून मूर्ती उठवावयाची, भट्टीत भाजावयाची आणि मग रंगवावयाची, अशी रीत होती. एका साच्यातून अनेक मूर्ती निघत. म्हणून त्या गरिबालाही परवडत. हातपाय दोऱ्याने वा तारेने जोडलेल्या, हलणाऱ्या बाहुल्या हे तर करिंथचे वैशिष्ट्यच. अशा बाहुल्या मुलांच्या थडग्यांतही सापडतात आणि देवळांतही.

गावामागे अॅक्रोकोरिंथचा प्रचंड डोंगर उभा आहे. त्याच्या उतारावर धान्यदेवता डिमीटर व तिची कन्या यांचे देवस्थान होते. १९६१ पासून तेथे झालेल्या उत्खननात हजारो मृण्मूर्ती निघाल्या. कोणा स्त्रीच्या हाती अर्पणाचे डुकराचे पिलू आहे. त्यांच्या सोबतीला तळहातावर मावतील अशी मातीची सुपे असून त्यांत मातीच्याच पोळ्या मांडलेल्या आहेत. शेतकऱ्याच्या घरचे सूप देवतेपुढे असे पोहोचले होते!

सर्वांत मन हेलावते ते आरोग्यदेव अस्क्लेपिओसच्या देवळातील वस्तू पाहून. हात, पाय, कान, डोळे, स्तन, सारे मातीचे आणि पुष्कळसे जवळजवळ खऱ्या आकाराचे. रोगी त्या देवळात रात्री निजत. गुण आला की बऱ्या झालेल्या अवयवाची प्रतिकृती वाहत. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हातपाय पाहिलेल्यांना यामागील व्याकुळता समजावून सांगावी लागत नाही. हे अवयव मुख्यतः इ. स. पूर्व चौथ्या शतकातले. देवाची वस्तू बाहेर टाकू नये म्हणून जुने नवस आवारातच पुरीत. संत पौल आले तेव्हा हे अवयव तीनशेंहून अधिक वर्षे भूमीत पडून होते.

इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमनांनी करिंथ उद्ध्वस्त केले. प्राचीन जगातील ब्राँझच्या मूर्ती बहुतेक वितळविल्या गेल्या. कितीतरी संगमरवर चुन्याच्या भट्टीत गेला. भाजलेली माती मात्र ना वितळते ना कुणाच्या उपयोगी पडते. म्हणून ती बरीचशी लुटारूंच्या हातून सुटली. श्रीमंतांचे वैभव असे नाहीसे झाले, आणि कोणा आईच्या आजारी लेकराचा मातीचा पाय मात्र शिल्लक राहिला.