किल्लीवाला देव आणि किल्ल्यावरची देवी

रोममध्ये टायबर नदीच्या काठी एक लहानसे आयताकृती मंदिर आजही उभे आहे. दर्शनी बाजूस आयोनिक शैलीचे चार स्तंभ, आत एकच गाभारा. उभी आहे ती वास्तू इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आगेमागे बांधलेली. तिचा मूळ धनी पोर्तुनस. ज्युपिटर किंवा मार्स यांच्यापुढे हा अगदी किरकोळ देव. समुद्र नेपच्यूनचा, पोर्तुनसच्या वाट्याला आले ते फक्त बंदर. त्याच्या हाती किल्ली असे. लॅटिनमध्ये ‘पोर्तुस’ म्हणजे बंदर आणि ‘पोर्ता’ म्हणजे दरवाजा, ही भावंडे शब्द. म्हणून प्राचीन लेखकांनी त्याला दरवाजांचाही देव मानले. (आपल्या द्वारकेच्या नावातही ‘द्वार’ आहेच.)

बंदराला वेगळा देव का लागावा? खलाशाला त्याचे उत्तर शिकवावे लागत नाही. नौका फुटतात त्या पुष्कळदा किनाऱ्याजवळच. खडक, गाळ आणि उलटा प्रवाह तिथेच गाठतात. खुल्या समुद्रातून सुखरूप आलेल्या माणसाला शेवटचा उंबरठाच अवघड जातो.

रत्नागिरीचा उंबरठा म्हणजे रत्नदुर्ग. घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला हा किल्ला १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला. बालेकिल्ल्यात भगवती देवीचे मंदिर आहे आणि पायथ्याच्या बंदराला देवीचेच नाव आहे : भगवती बंदर. किल्ल्याच्या एका टोकाला १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. तरीही बंदर देवीच्याच नावाने ओळखले जात राहिले. मुंबईहून येणारी आगबोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावांतून किनाऱ्याला लागत, त्या काळातही हाच उंबरठा होता. गावापलीकडच्या मांडवीच्या धक्क्याला तर लोक ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतात. म्हणजे पुन्हा दरवाजाच.

दरवाजा आहे म्हटल्यावर तो बंद होण्याची वेळही आली. कोकणात त्या वेळेला ‘आगोट’ म्हणतात. पाऊस तोंडावर आला की होड्या ओढून वर घ्यायच्या, जाळी वाळवून ठेवायची, घरात सुकी मासळी भरायची. आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. मग श्रावणातल्या पौर्णिमेला सोनेरी कागदात मढवलेला नारळ वाजतगाजत किनाऱ्यावर नेऊन दर्याला वाहायचा आणि होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या. समुद्राच्या कुलपाची ही किल्ली.

पोर्तुनसचा सण १७ ऑगस्टला येई आणि नारळी पौर्णिमाही बहुतेक वेळा ऑगस्टमध्येच येते. हा योगायोग मोहात पाडणारा असला तरी त्यावरून नाते जोडणे चूक ठरेल. रोमन लोकांचा समुद्र हिवाळ्यात बंद होई आणि मार्चमध्ये उघडे. कोकणचा समुद्र पावसाळ्यात मिटतो. दोन ठिकाणच्या माणसांना एकच भीती वाटली, एवढेच यातून निघते. प्रत्यक्ष भेट मात्र झाली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरमार्गदर्शिकेत कोकणातल्या बंदरांची यादी आहे. तीतले ‘मेलिझिगारा’ म्हणजे रत्नागिरीच्या उत्तरेचे जयगड असावे, असे काही अभ्यासक मानतात. तिकडच्या नौका जुलैच्या सुमारास इजिप्तहून निघत आणि नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरू लागला की भारताच्या किनाऱ्याला लागत. आपला दरवाजा केव्हा उघडतो, हे त्यांनाही नीट कळले होते.

पोर्तुनसचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. मोठी जहाजे टायबरच्या मुखाशी थांबू लागली, शहरातल्या जुन्या घाटाचे महत्त्व ओसरले. ८७२ मध्ये मंदिराचे चर्च झाले आणि त्यामुळेच भिंती वाचल्या. परंतु देवाचे नाव पुसले गेले. पुढची कित्येक शतके विद्वान हे मंदिर ‘फॉर्चुना व्हिरिलिस’ या भलत्याच देवीचे समजत होते. वास्तू उरली, देव हरवला.

रत्नागिरीत याच्या नेमके उलट झाले. भगवतीची पूजा चालू आहे, पण बंदराची वर्दळ तिच्या पायथ्याहून सरकली. आगबोटी इतिहासजमा झाल्या आणि मासेमारीचा गजबजाट मिरकरवाड्याला गेला. किल्ला पाहायला आलेले बहुतेक जण देवीला गडाची देवी म्हणूनच नमस्कार करतात.

आणि किल्ली? ती शासनाकडे गेली. एके काळी महाराष्ट्रातली मासेमारीबंदी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. म्हणजे सरकारी नियमातही त्या नारळाला जागा होती. मग १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस ठरले आणि तिथी नियमातून गेली. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली. यांत्रिक नौकांना समुद्र खुला होऊन तेव्हा महिना होत आला होता. कोकण किनाऱ्यावर नारळ मात्र त्याच दिवशी वाहिला गेला.