सामाईक विहीर

संगणकाकरितां आज्ञावली लिहिणें हा माझा व्यवसाय आहे. त्यांत स्वतः घडविलेल्यापेक्षां दुसऱ्यांकडून घेतलेलेंच अधिक असतें, हें ऐकून विद्यार्थिमित्रांस नवल वाटेल.

एक उदाहरण घेऊं. ‘ओळीनें सहा अंक यावेत, पहिला शून्य नसावा’ एवढें सूत्र सांगितलें कीं संगणक हजारों पत्त्यांतून पिनकोड वेचून काढतो. अशा सूत्रास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. त्यामागील गणित स्टीफन क्लेनी यांनीं १९५१ सालीं मांडलें. केन थॉम्पसन यांनीं १९६८ सालीं संगणकाकडून असा शोध करवून घेण्याची रीत प्रसिद्ध केली.

सूत्र वाचणारी ही यंत्रणा प्रत्येकानें नव्यानें घडवावयाची म्हटली, तर आयुष्य पुरावयाचें नाहीं. केंब्रिज विद्यापीठांतील फिलिप हेझल यांनीं टपालाच्या एका आज्ञावलीकरितां १९९७ सालीं ती लिहावयास घेतली व सर्वांस मोकळी ठेविली. हीच पीसीआरई नांवाची लायब्ररी. जणूं गांवची सामाईक विहीर! एकानें गाळ उपसला कीं स्वच्छ पाणी सर्वांस मिळतें.

परंतु विहीर सर्वांची असली, तरी पोहरा ज्याचा त्याचा. एक वाट खुंटली कीं मागें फिरून दुसरी धुंडाळावयाची, हा या लायब्ररीचा स्वभाव. २ जुलै २०१९ रोजीं क्लाउडफ्लेअर कंपनीनें तिच्यावर चालणारें एक नवें सूत्र घातलें. त्यांत वाटांना इतके फांटे फुटत होते कीं संगणकांची सारी शक्ति त्यांतच खर्ची पडली, व सुमारें २७ मिनिटें जगांतील असंख्य संकेतस्थळें उघडेनाशीं झालीं.

म्हणून प्रत्येक सूत्र मी आधीं मराठी मजकुरावर पारखून पाहतों. ‘मराठी’ या शब्दांत आपणांस तीन अक्षरें दिसतात. लायब्ररी काना व वेलांटी निराळी धरून पांच मोजते. विशेष सूचना दिल्यावांचून ‘कोणताही अंक’ या खुणेंत ती देवनागरी अंक धरीत नाहीं. मग देवनागरींत पिनकोड लिहिणाऱ्या पालकाचें नांव यादींतून निसटावयाचें, शाळेचें पत्र त्याच्या घरीं पोहोंचावयाचें नाहीं, आणि चूक कोठें झाली याचा पत्ताही लागावयाचा नाहीं!

उसनें साधन घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र त्याबरोबर विवेक उसना मिळत नाहीं. आणि विहिरीचें पाणी पिणाऱ्यानें केव्हां तरी गाळ उपसावयासही उतरलें पाहिजे.