देवघराबाहेरचं काळं सिलिंडर



मागच्या भाद्रपदात आमच्या जिंतूरच्या घरी ऑक्सिजनचं सिलिंडर उतरलं, काळ्या अंगाचं, पांढऱ्या खांद्याचं. समोरच्या काकू चप्पल न घालताच धावत आल्या. "सासूबाई बऱ्या आहेत ना गं?" २०२१ नंतर दारात सिलिंडर दिसलं की घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय असंच वाटतं. सासूबाई तर ओट्यावर मूग निवडत बसल्या होत्या. सिलिंडर माझं होतं, डोकेदुखीसाठी. हे ऐकून काकूंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी सहा वर्षं बघत आलेय. एवढ्याशा डोकेदुखीला?

झोप लागून तास-दीड तास झाला की उजव्या डोळ्यामागे कुणी तापलेला सुया खुपसतं. त्याच डोळ्यातून पाणी, त्याच नाकपुडीतून पाणी, पापणी खाली ओघळते. अर्धशिशीवाली बाई अंधारात गप्प पडून राहते. मला पडवतच नाही. अंगणात फेऱ्या मारते, भिंतीला डोकं घासते. तासाभरात सगळं विरतं, आणि सकाळी मला पूजेची तयारी करताना पाहून कुणाला काही खरं वाटत नाही. महिना-दीड महिना रोज असं, मग वर्षभर काही नाही.

नेमकं भाद्रपदात यायचं म्हणून निकाल ठरलेला: उपवास करतेस, पित्त चढतं. एक दाढ काढून झाली, सायनसची औषधं झाली. एका वर्षी सगळ्यांचं ऐकून दशलक्षणातली एकाशनंही सोडली. दुखणं ठरल्या रात्री आलंच. व्रतही गेलं आणि झोपही. त्या वर्षी क्षमावाणीला घरोघर क्षमा मागून आले, पण मनातली अढी काही सुटली नाही.

शेवटी संभाजीनगरला मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारलं: कुठली बाजू, किती वाजता, आणि दुखताना झोपून राहता की फिरता? मग नाव सांगितलं, क्लस्टर हेडेक. हा आजार पुरुषांत जास्त दिसतो, त्यामुळे बाईच्या वाट्याला आधी अर्धशिशीचाच शिक्का येतो. ईसीजी काढून दिवसा घ्यायची व्हेरापामिलची गोळी दिली. ती झटके कमी व्हावेत म्हणून. पण झटका आलाच तर?

माझा चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. डॉक्टर म्हणाले, पोटातली गोळी लागू पडेपर्यंत तुमचा झटका ओसरलेला असतो. इंजेक्शन असतं, पण तुम्ही ऑक्सिजन घेऊन बघा. घरी येऊन सासूबाईंना भीत भीत सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं, "खाद्य, स्वाद्य, लेह्य, पेय. यात वारा कुठाय?" आणि मूग पुन्हा पुढे ओढले.

आता कामाचं. नाकातल्या नळीने हे काम होत नाही. पिशवीचा, तोंडावर घट्ट बसणारा मास्क लागतो आणि मिनिटाला १२ ते १५ लिटर ऑक्सिजन, पंधरा-वीस मिनिटं. पुतण्याने करोनातलं कॉन्सन्ट्रेटर आणून दिलं होतं, ते मिनिटाला पाचच लिटर देणारं. दोन रात्री फुकट गेल्या. २००९ मध्ये छापलेल्या एका ब्रिटिश अभ्यासात १२ लिटरने पंधरा मिनिटांत ७८ टक्के झटके शमले होते, साध्या हवेने २० टक्के. हिशेब मी कॅलेंडरवर मांडला: एका झटक्याला १८० लिटर, लहान सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर, म्हणजे आठ रात्री. म्हणून दोन ठेवते. अनंत चतुर्दशीला दुकान बंद असतं, हे पहिल्या वर्षी अनुभवाने कळलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मात्र हे करू नका, आणि फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर तो आधी सांगा.

खरी पंचाईत दिव्याची. आमची झोपायची खोली देवघराला लागून, आणि ऑक्सिजनजवळ ज्योत, उदबत्ती, काडी काही चालत नाही. तुपातेलाचा हात तर व्हॉल्व्हला लागताच कामा नये, पेट घेऊ शकतं. कपाळाला बाम चोळून मास्क लावायचीही सोय राहिली नाही. सासूबाईंचा दिवा चाळीस वर्षांचा, रात्रभर तेवणारा. मी सिलिंडर माजघरात ठेवायचं म्हणाले. रात्री दीड वाजता एक डोळा मिटलेला असताना माजघरापर्यंत जायचं, हे कठीणच होतं, पण दिवा बंद करा असं माझ्या तोंडून निघेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच आरती झाल्यावर दिवा शांत केला. म्हणाल्या, "रात्री त्याच्यावर किडे पडून मरतात ते मला रोज सकाळी दिसतच होतं. नेमगिरीच्या महाराजांसमोर कबूलही केलं होतं. तुझं निमित्त झालं." हे खरं की माझ्यासाठी रचलेलं, अजून विचारलेलं नाही.

त्या रात्री दीडला उठले, हात साबणाने धुतले, व्हॉल्व्ह हळू उघडला, पिशवी फुगू दिली, मास्क दाबून धरला, पलंगाच्या काठावर वाकून बसले. णमोकार किती वेळा झाला मोजलं नाही. बारा मिनिटांनी सुया एकेक करून निघायला लागल्या. मान वर केली तर सासूबाई दारात घड्याळ हातात घेऊन उभ्या.

"अजून तीन मिनिटं," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांनी पंधरा सांगितलीत."