काचा उघड्या होत्या तेव्हा

रत्नागिरीत मांडवीच्या जेटीजवळ संध्याकाळी गाड्या उभ्या असतात. इंजिन चालू, काचा वर, एसी चालू. उजवीकडे रत्नदुर्ग, डावीकडे भाट्याच्या खाडीचं मुख, समोर काळी पुळण आणि तोंडावर येईल एवढा वारा. तरी माणसं आत बसून समुद्र बघतात. मला याचं हसू येतं, पण मे महिन्यात मीही तेच करतो.

आमच्या लहानपणी मुंबईकर मामा सुट्टीत फियाट घेऊन यायचे. तिचा एसी म्हणजे पुढच्या दाराची तिकोनी काच. ती हवी तशी वळवली की चालत्या गाडीत वारा थेट तोंडावर. त्या यंत्रणेत बिघाड होऊन होऊन काय होणार? काचेची खिटी तुटायची. 1089 सीसीचं ते इंजिन आंबा घाटात स्वतःच तापायचं. मग बॉनेट उघडून सगळे रस्त्याकडेला उभे, रेडिएटर निवेपर्यंत भडंग आणि गप्पा. त्याच्या गळ्यात कॉम्प्रेसर बांधायचा विचार कोण करणार?

1983 मध्ये मारुती 800 आली, हळूहळू एसीवाल्या गाड्याही रत्नागिरीत दिसू लागल्या. त्या दुरुस्त करणार कोण, हा प्रश्नच होता. आमच्या ओळखीचे मिस्त्री मूळचे बर्फाच्या फॅक्टरीतले. मासळीसाठी बर्फ करणाऱ्या त्या फॅक्टऱ्यांत अमोनिया चाले. गळती शोधायला पेटती गंधकाची वात पाइपाजवळून फिरवायची. पांढरा धूर उठला की तिथे गळती. गाडीत आर-12 गॅस होता, त्याला वेगळा दिवा. त्याची निळी ज्योत तांब्याच्या पत्रीवर खेळायची आणि गळणारा गॅस ओढला गेला की हिरवी व्हायची. आम्ही पोरं ती हिरवी ज्योत बघायलाच गॅरेजात घुटमळायचो. गॅस ज्योतीत जळला की विषारी धूर होतो, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मिस्त्रींचं निम्मं निदान कानाने आणि हाताने व्हायचं. एसीचं बटण दाबल्यावर क्लच ‘टक्’ वाजला का? नाही, तर आधी फ्यूज आणि रिले. वाजला, तर पाइप चाचपायचे: जाड पाइप गार आणि घामेजलेला हवा, बारीक पाइप कोमट. ड्रायरवरच्या इवल्याशा काचेत फेस दिसला, तर गॅस कमी. आणि ते गिऱ्हाइकाला हमखास विचारायचे, ‘उभ्या गाडीत थंड होत नाही, की चालत्या गाडीतसुद्धा?’ रस्त्यावर गार आणि उभी केली की गरम, असं असेल तर ते थेट कंडेन्सरच्या पंख्याकडे जायचे. जेटीपाशी एसी लावून बसणाऱ्यांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा.

आर-12सारख्या, ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या वायूंवर 1987 च्या माँट्रिअल कराराने बंधनं आली. भारत 1992 मध्ये त्यात सामील झाला आणि पुढे गाड्यांत आर-134ए आला. यात क्लोरीन नाही, त्यामुळे ज्योत हिरवी होत नाही. दिवा माळ्यावर गेला. तेलही बदललं, जुनं खनिज तेल या गॅसशी जुळत नाही. आता निळं-लाल गेज, अतिनील दिव्यात चमकणारा रंग, नायट्रोजनचा दाब, स्कॅनर. दोन्ही काटे खाली, तर गॅस कमी. दोन्ही वर, तर कंडेन्सर उष्णता सोडत नाही किंवा गॅस जास्त भरलाय. कमी दाबाच्या बाजूचा काटा वर आणि जास्त दाबाच्या बाजूचा खाली, तर कॉम्प्रेसर थकला. काही नव्या कॉम्प्रेसरना क्लचच नाही, म्हणजे तो ‘टक्’ही गेला.

आमच्याकडे मात्र खारी हवा तीच आहे. कंडेन्सरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते, पाती झडतात, बारीक छिद्र पडतं. तांबडी धूळ ड्रेनच्या नळीत बसली की कॉइलचं पाणी गाडीतच उतरतं आणि मालक पावसाला शिव्या देतो.

साधनं सुधारली, पण एक खोड बळावली. एसी गार करेना की ‘गॅस संपला’ म्हणून भरून द्यायचा. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद चक्रात फिरतो. बराच कमी झाला असेल तर कुठून तरी गळालाय. आर-134ए हवेत सुटला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमान वाढवतो. नुसत्या दाबावरून किती भरायचा हेही नेमकं कळत नाही. छोट्या गाडीला साधारण 400-500 ग्रॅम लागतो. नेमका आकडा बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, आणि गॅस वजन करूनच घालायचा असतो. ‘गॅस गेला कुठे ते आधी बघू,’ असं म्हणणारे ते मिस्त्री स्कॅनरवाल्या कित्येकांपेक्षा शहाणे होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बिलावर नुसतं ‘गॅस’ लिहिलेलं दिसलं, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा: गळती कुठे सापडली, भरण्याआधी पाइपांतली हवा ओढून व्हॅक्यूम किती वेळ ठेवला आणि गॅस किती ग्रॅम घातला.