मुळांवरच्या गाठी आणि पुणे शहर

पुण्यात शिवाजीनगरला कामासाठी गेलात, तर फर्ग्युसन रस्त्यावर एक फेरी मारा. परदेशातून शिकायला आलेली मुले दिसतील. परक्या मुलखात दुखणे आले, की त्यांचे कोण?

गडहिंग्लजचे शां. ब. मुजुमदार फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवीत. वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी डबा आत देताना त्यांना दिसली. आत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने पडलेला! त्यांच्या मनाला ते लागले. १९७१ मध्ये त्यांनी 'सिम्बायोसिस' संस्था काढली. नाव अवघड, पण अर्थ आपल्या शिवारातला. हरभरा उपटून पाहा. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू झाडाला नत्र देतात, झाड त्यांना साखर पुरवते.

तुमचा मुलगा पुण्यात शिकत असेल, तर शेजारच्या परदेशी पोरासाठीही दोन भाकरी पाठवा. ठेचा मात्र बेताने!