मोटारखान्यांतील कपाट

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्हीं आमच्या मोटारखान्यांत कपाटें करून घेण्याचें योजिलें. पुण्यांतील आमचें घर आजोबांनीं बांधलेलें. मोटारखाना त्या काळच्या लहान गाड्यांच्या मापाचा, रुंदीस अवघा १० फूट. मोटारीखेरीज त्यांत तीन पिढ्यांचें सामान नांदत होतें: रंगाचे अर्धवट डबे, मोडकी सायकल, कुंड्या, दोऱ्या आणि पूर्वेच्या भिंतीवरील एका सागवानी फळीवर आमच्या तीर्थरूपांचीं हत्यारें. सौभाग्यवतींच्या मतें ही अडगळीची खोली होती, व मोटार ही तींतील सर्वांत मोठी अडगळ होती.

अध्यापकी करणारा मनुष्य सुतारास बोलावण्यापूर्वीं कागद घेऊन बसतो, आम्हीहि बसलों. आमच्या गाडीची रुंदी सुमारें ५ फूट ८ इंच. ती वजा जातां उरले ५२ इंच. उतरणाराचें दार उघडावयास २८ व पलीकडे ८ इंच सोडल्यावर कपाटाच्या वांट्यास १६ इंच आले. प्लायवुडचा तक्ता मिळतो ८ फूट लांब व ४ फूट रुंद. त्याच्या लांबीनें तीन पट्ट्या काढल्या तर करवतीची झीज जाऊन प्रत्येक पट्टी १६ इंचांस किंचित् कमी भरते. आमचें गणित व बाजारचा तक्ता यांचा असा मेळ बसलेला पाहून आम्हांस परीक्षेंत पहिले आल्यासारखा आनंद झाला.

पुढील शहाणपण मिस्त्रींचें. सहा सुती प्लाय वापरावा. पावसाळ्यांत दगडी भिंतीस ओल धरते, म्हणून कपाटाची पाठ दोन बोटें दूर ठेवावी. वाळवी जमिनींतून चढते, म्हणून पाय लोखंडाचे असावेत. म्हणजे तिनें मातीचा माग केला तर तो डोळ्यांस दिसतो. प्लायच्या कापलेल्या कडा पाणी पितात, म्हणून त्या आधींच रंगानें बंद कराव्या. जड वस्तु खालीं, हलक्या वर, कीटकनाशकें कुलुपांत. तीर्थरूपांनीं एकच दुरुस्ती सुचविली, "मिस्त्री, खालचा खण कागदपत्रांना देऊं नका." १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां ते विशीचे होते, आणि याच खोलींतून लगदा झालेल्या वह्या त्यांनीं फावड्यानें काढल्या होत्या.

आराखडा पुरा झाला. हत्यारांची वर्गवारी करून तीं बंद खणांत ठेवावयाचीं व प्रत्येक खणावर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी लावावयाची, असें ठरलें.

तीर्थरूपांचें वय आज पंच्याऐंशीच्या घरांत आहे. डोळ्याच्या पडद्याच्या विकारामुळें त्यांस समोरचें नीट दिसत नाहीं. कडेचें तेवढें दिसतें. वृत्तपत्र सुटलें, एकट्यानें रस्ता ओलांडणें सुटलें. एके सायंकाळीं आम्ही शेवटचें माप घ्यावयास गेलों, तों ते अंधारांत फळीपुढें उभे. खुर्चीचा एक पाय डगमगत होता. त्यांचा हात न चांचपडतां डावीकडे गेला, पक्कड घेऊन आला. उजवीकडे गेला, हातोडी घेऊन आला.

"अण्णा, दिवा लावूं का?" आम्हीं विचारलें.

"मला कशाला? तुला हवा असेल तर लाव."

आम्हीं दिवा लावला नाहीं. जिला आम्ही पसारा म्हणत होतों ती मांडणी केवळ आमच्या डोळ्यांस पसारा होती. त्यांच्या हातास ती मुखोद्गत होती. साऱ्या घरांत याच चार फुटांत ते आंधळे नव्हते, आणि तेथेंच आम्ही चिठ्ठ्या लावण्यास निघालों होतों! ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्यासाठीं, सुवाच्य अक्षरांत! आराखडा वाचून दाखविला तेव्हां ते एवढेंच म्हणाले होते, "करा तुमच्या सोयीनें." त्या शब्दांचा अर्थ आम्हांस कळावयास पाहिजे होता. वार्धक्यांत मनुष्य घरांत स्वतःसाठीं जागा मागावयास संकोचतो. ती मागण्यापूर्वींच द्यावी लागते.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं कागदावर रेघ मारली. कपाटें झालीं, पण मध्यें चार फूट भिंत मोकळी सोडून. तेथें तीच फळी, त्याच उंचीवर, त्याच क्रमानें. तक्त्यांचें सुंदर गणित बिघडलें व दीड तक्ता वायां गेला. मिस्त्री हळहळले.

परवां आम्हांस पेचकस हवा होता. चिठ्ठ्या लावलेले सगळे खण उघडून पाहिले, मिळाला नाहीं. अखेर अण्णांस हांक मारली. ते भिंतीच्या आधारानें आले, फळीवर हात टाकला आणि पेचकस आमच्या हातीं देत म्हणाले, "झालें कीं जागेवर ठेव."